कॅबिनेट तापतंय? आधी मोजा, मग पत्रा कापा

उन्हाळ्यात कॉम्प्युटर तापतोय म्हटलं की दुकानदाराचा पहिला सल्ला ठरलेला असतो: अजून दोन पंखे टाका. पंखे स्वस्त असतात, रंगीत दिव्यांचे असले तर दिसतातही झकास, आणि बसवायला दहा मिनिटं पुरतात. पण बहुतेक जुन्या कॅबिनेटांमध्ये पंखे कमी पडत नाहीत. हवेला आत शिरायलाच जागा नसते. समोर सपाट प्लास्टिक, त्यामागे बारीक भोकं पाडलेला पत्रा, त्यामागे हार्ड डिस्कचा पिंजरा, आणि त्याच्यापलीकडे कुठेतरी पंखा. स्वयंपाकघराची दारं-खिडक्या गच्च लावून एक्झॉस्ट चालू केला तर फोडणीचा धूर जसा आतच घोटाळत राहतो, तसंच इथे होतं. एक्झॉस्ट वाढवून उपयोग नाही, खिडकी उघडायला हवी.

ज्यांनी कॅबिनेटच्या पत्र्याला आजवर हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डोळ्यासमोर ठेवलंय ते साधं स्टीलचं मिड-टॉवर कॅबिनेट: पुढून बंद, मागे एकच पंखा, आत एक मध्यम ग्राफिक्स कार्ड. काचेच्या कॅबिनेटांबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

मोजल्याशिवाय पान्याला हात लावू नका

आतलं तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लागेल: विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा एचडब्ल्यूमॉनिटर टाका, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स. खोलीचं तापमान कळायला साधा थर्मामीटर कॅबिनेटपासून हातभर अंतरावर, पुढच्या बाजूला ठेवा. मागे ठेवलात तर तो कॅबिनेटचीच गरम हवा मोजत बसेल. आता मशीनवर भार टाका. प्रोसेसरसाठी सिनेबेंच पुन्हापुन्हा चालू ठेवा किंवा प्राइम९५ लावा, ग्राफिक्ससाठी फरमार्क किंवा तुमचा नेहमीचा जड गेम. वीस-पंचवीस मिनिटांनी आकडे स्थिरावतात. तेव्हा खोली, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्क असे चार आकडे वहीत लिहा.

खरं महत्त्व खोलीच्या वरच्या फरकाला आहे. खोली ३४ अंश आणि प्रोसेसर ८६ असेल, तर तुमचा आकडा ५२. जानेवारीत हाच प्रोसेसर ७४ दाखवेल आणि वाटेल, बरंच सुधारलं की! प्रत्यक्षात खोलीच २२ वर आलेली असते, फरक तोच ५२. म्हणून तुलना कायम फरकाची करायची.

आता तीच चाचणी बाजूचं झाकण काढून करा. पुढची निम्मी वाट इथेच ठरते. झाकण काढल्यावर तापमान आठ-दहा अंशांनी किंवा जास्त उतरलं, तर दोष कॅबिनेटचा आहे आणि पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे. दोन-तीन अंशच उतरलं, तर कॅबिनेट निर्दोष आहे. मग प्रोसेसरवरचा पंखा-हीटसिंक, म्हणजे कूलर, धुळीने भरलाय, त्या दोघांमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालीय, किंवा कूलरच त्या प्रोसेसरला अपुरा आहे. अशा वेळी पत्रा कापून हाती काही लागणार नाही. तिसरी चाचणी सोपी आहे: झाकण लावा आणि समोरचं प्लास्टिकचं तोंड तेवढं ओढून काढा. नुसत्या एवढ्यानेच तापमान झाकण उघडल्यासारखं उतरलं, तर गुन्हेगार सापडला.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. पंख्याने खोलीपेक्षा थंड काहीच करता येत नाही. पेंटियम ४ च्या जमान्यात प्रोसेसर इतके तापायला लागले की इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कूलरच्या तोंडाशी येणारी हवा ३८ अंशांच्या आत असावी, हा त्यांचा हिशोब. त्या काळच्या कॅबिनेटांच्या बाजूच्या झाकणावर जी नळी दिसते, ती याच सूचनांमधून आली. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४५ अंश असताना खोलीच अनेकदा ३८ च्या वर जाते! तिथे कॅबिनेटाकडून एवढंच मागायचं की त्याने स्वतःची भर कमीत कमी घालावी.

घाबरायचं कधी? इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचले की ते स्वतःहून वेग कमी करतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेचसे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ पर्यंत जाणार हे धरूनच बनवलेले आहेत. फिरत्या हार्ड डिस्कला साधारण ६० ही वरची हद्द असते, आणि ती पन्नाशीच्या खाली राहिलेली बरी.

न कापता जेवढं होईल तेवढं आधी

पहिलं काम धूळ. दुकानात वापरतात तो हातातला ब्लोअर चांगला, पण पंख्याची पाती बोटाने धरून मगच हवा मारा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. हे काम गॅलरीत करा, घरातली माणसं दुवा देतील. एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज पुरवणारा डबा) बाहेरून हवा मारा, तो उघडू नका. २३० व्होल्टचा पुरवठा आत डीसी होऊन सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास कपॅसिटरमध्ये साठतो, आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच असतो.

मग वायरी. एसएमपीएसमधून येणारा जुडगा पुढच्या पंख्यासमोर लोंबत असतो, तो मदरबोर्डच्या मागच्या बाजूला किंवा कडेला केबल टायने बांधा. हार्ड डिस्कचा पिंजरा रिकामा असेल आणि स्क्रूवर असेल तर काढूनच टाका. रिव्हेट मारलेला असेल तर ४ मिमी ड्रिलने रिव्हेटची डोकी उडवली की तोही निघतो. हे ड्रिलिंगचं काम मात्र कॅबिनेट पूर्ण रिकामं केल्यावर करायचं. मागच्या स्लॉटच्या (जादा कार्डं बसवायच्या फटींच्या) उडालेल्या पट्ट्या परत लावा, कारण ग्राफिक्स कार्डाखालच्या उघड्या फटीतून गरम हवा पुन्हा आत ओढली जाते.

आणि पंख्यांच्या दिशा बघा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या आणि स्टिकर असतं, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुष्कळ पंख्यांच्या चौकटीवर बाणही असतो. पुढून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर, हा साधा नियम. असेंबल करून आणलेल्या मशीनमध्ये पुढचा पंखा उलटा बसवलेला मी बऱ्याचदा पाहिलाय. तो सरळ केला की निम्म्या लोकांचं काम इथेच संपतं.

जुन्या कॅबिनेटमध्ये वर डीव्हीडी ड्राइव्हच्या दोन-तीन जागा असतात. एका जागेची उंची सुमारे ४१ मिमी, म्हणजे तीन जागा मिळून जवळपास १२४. १२० मिमीचा पंखा त्यात अलगद बसतो! झाकणं काढा, आतला पंखा दोन लोखंडी पट्ट्यांनी किंवा केबल टायने धरा, पुढून जाळी लावा. पत्रा न कापता हवेचं चांगलं तोंड तयार होतं, आणि ते नेमकं प्रोसेसरच्या उंचीवर असतं. तुमच्या कॅबिनेटला अशी सलग तीन जागा असेल तर आधी हे करून पुन्हा मोजा.

कुठे कापायचं

आधी पुढचं. प्लास्टिकच्या तोंडामागे स्टीलमध्ये पंख्याच्या जागी भोकांची नक्षी असते. ५ मिमीची भोकं ८ मिमी अंतरावर एकाआड एक रचली, तर उघडी जागा जेमतेम ३५ टक्के भरते. बाकी ६५ टक्के पत्राच. ती नक्षी गोल कापून काढली की पंख्यासमोरची वाट मोकळी होते, आणि वरून प्लास्टिकचं तोंड लागत असल्यामुळे वेडीवाकडी कापणी कुणाला दिसतही नाही. नवख्याने हात साफ करायला याहून चांगली जागा नाही.

मग ते प्लास्टिकचं तोंड. स्टील मोकळं करून समोर सपाट प्लास्टिक तसंच ठेवलं तर हवा फक्त कडेच्या फटींतून येणार. या तोंडातला चौकोन कापून त्यात जाळी बसवायची. प्लास्टिक कापायला सोपं, पण दिसण्यात येणारं, म्हणून इथे घाई नको.

तिसरी जागा मागचा पंखा. तिथली पत्र्यातच पाडलेली जाळीही अशीच कोंदट असते. ती कापून तारेचं गोल गार्ड लावलं की हवा वाढते आणि घरघर कमी होते. पंख्याची पाती जाळीच्या अगदी जवळून फिरताना जो सूं-सूं आवाज येतो, त्यातला बराचसा त्या जाळीमुळेच असतो.

वरचं छत शेवटी, गरज पडली तरच. छतात कापायचं तर मागच्या अर्ध्या भागात कापा. पुढच्या कोपऱ्यात वर एक्झॉस्ट बसवला तर समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच तो ओढून बाहेर फेकतो. शिवाय छताला भोक म्हणजे वरून पडणारी धूळ, आणि चहाचा कप ठेवणारी माणसं घरोघरी असतातच. बाजूच्या झाकणावर ग्राफिक्स कार्डासमोर आत फुंकणारा पंखा चांगला चालतो, विशेषतः आजकालच्या दोन-तीन पंख्यांच्या कार्डांना. ती कार्डं आपली बहुतेक उष्णता कॅबिनेटच्या आतच सोडतात. पण मग झाकण उघडताना दर वेळी पंख्याची वायर सांभाळावी लागते.

किती हवा लागते याचा ढोबळ हिशोब असा: मशीन ३०० वॅट खात असेल आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशच वर जावी असं वाटत असेल, तर सुमारे ५३ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खरोखर आरपार जायला हवी. पंख्याच्या खोक्यावर छापलेला सीएफएम हा समोर काहीच आडवं नसतानाचा असतो. कोंदट जाळी, फिल्टर, वायरी यांतून जाताना त्यातला मोठा वाटा गळतो. म्हणून मोकळ्या तोंडामागे संथ फिरणारे दोन १२० मिमी पंखे आणि मागे एक, एवढ्यात साधं गेमिंग मशीन आरामात भागतं. सहा पंख्यांची गरज मला क्वचितच दिसली आहे.

सामान

लागणाऱ्या वस्तू हार्डवेअरच्या दुकानात मिळतात: मास्किंग टेप, सेंटर पंच, हातोडी, ड्रिल, ३ ते १० मिमीचे बिट, मेटल ब्लेडचा जिगसॉ (उभं पातं खालीवर हलणारी विजेवरची करवत), अर्धगोल कानस आणि गोल कानस, पॉलिश पेपर, प्रायमर आणि काळा स्प्रे, डोळ्यांना गॉगल. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत लोहार चाळ इथे हे सगळं एका फेरीत जमतं. पंखे, स्प्लिटर (एका जोडावर अनेक पंखे जोडणारी वायर) आणि गार्डसाठी लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली. कापलेल्या कडेवर चढवायची यू आकाराची रबर बीडिंग मात्र कार ॲक्सेसरीजच्या दुकानात मागा. गाडीच्या दाराच्या कडेला लावतात तीच.

होल सॉबद्दल, म्हणजे ड्रिलला लावायच्या वाटीसारख्या गोल करवतीबद्दल, थोडं सविस्तर. १२० मिमी पंख्यासाठी साडेचार इंची, म्हणजे ११४ मिमीचा होल सॉ लागतो. इंटरनेटवर सगळे तोच वापरताना दिसतात आणि भोकही सुरेख पडतं. पण एवढा मोठा होल सॉ स्टीलमध्ये अगदी संथ चालवावा लागतो, मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या आसपास. घरगुती १० मिमी ड्रिल पूर्ण वेगात हजारोंच्या घरात फिरतं. दात पत्र्यात अडकला की ड्रिल मनगटासकट फिरतं. वेग कमी करता येणारं, बाजूचा दांडा असलेलं दमदार ड्रिल नसेल तर या फंदात पडू नका. ८० मिमी पंख्यासाठी ३ इंची होल सॉ त्या मानाने पुष्कळ सोसतो.

दुसरा मार्ग जिगसॉ, आणि माझी शिफारस तीच आहे. तिसरा मार्ग म्हणजे वर्तुळाच्या आतल्या बाजूने एकाला एक लागून ४ मिमीची भोकं पाडत जायची, मधले दुवे छिन्नीने तोडायचे आणि मग कानस. वेळखाऊ आहे, पण त्यासाठी खास मोठं साधन लागत नाही. चौथा मार्ग म्हणजे झाकण काढून थेट फॅब्रिकेशनवाल्याकडे किंवा एमआयडीसीतल्या लेझर कटिंगवाल्याकडे न्यायचं. सुट्या सपाट झाकणासाठी हा उत्तम पर्याय. पुढच्या चौकटीसाठी नाही, कारण ती अख्ख्या सांगाड्याला जोडलेली असते.

कॅबिनेट रिकामं करा. पूर्ण.

"मदरबोर्ड आतच राहू दे, वर कापड टाकतो" हा विचार मनातून काढून टाका. लोखंडाचा कीस केसाएवढा बारीक असतो आणि तो कापडाखालून बरोबर शिरतो. मदरबोर्डच्या दोन पिनांमध्ये एक कण अडकला तरी बोर्ड जाऊ शकतो.

प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मग सुटं करायला लागा. पॉवर, रिसेट आणि दिव्यांच्या बारीक वायरी कुठल्या पिनांवर होत्या त्याचे जवळून दोन-तीन फोटो काढा, नंतर तेच उपयोगी पडतात. स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, कारण हार्ड डिस्कचे आणि कॅबिनेटचे आटे वेगळे असतात. मदरबोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ तसेच राहू द्या. पुढच्या बटणांची पट्टीही सोडवून बाजूला ठेवा.

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तो कॅबिनेटचा दोष नाही. घरातल्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर सांगाड्याशी जोडलेले असतात, आणि अर्थिंगची वाट बंद असली की ती बारीक गळती तुमच्या बोटांतून वाट शोधते. पत्र्याच्या कामाआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून ते नीट करून घ्या.

आखणी

जिथे कापायचं तिथे मास्किंग टेपचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवत चिकटवा. त्यावर पेन्सिल उमटते आणि जिगसॉच्या तळाने रंगावर ओरखडेही पडत नाहीत. पंख्याच्या स्क्रूभोकांमधलं अंतर ठरलेलं असतं: ८० मिमी पंख्याला ७१.५ मिमी, ९२ ला ८२.५, १२० ला १०५ आणि १४० ला १२४.५. आधी जाड कागदावर चौकोन काढा. १२० च्या पंख्यासाठी १०५ चा चौकोन, कर्ण १४८.५ भरला म्हणजे काटकोन बरोबर. कर्ण जिथे छेदतात तो मध्य, तिथून कंपासने ११४ ते ११६ व्यासाचं वर्तुळ. हा कागद पत्र्यावर चिकटवा आणि प्रत्यक्ष पंखा वर ठेवून भोकं जुळतात ना ते बघा.

कापायच्या आधी पंख्याच्या जाडीचा विचार हवा. साधा पंखा २५ मिमी जाड असतो. छतात बसवताना तो मदरबोर्डच्या वरच्या कडेवरच्या हीटसिंकला, रॅमला किंवा आठ पिनांच्या वायरीला धडकतो का, हे मदरबोर्ड बाहेर काढण्याआधीच मोजून ठेवलेलं बरं. पुढच्या बाजूला लांब ग्राफिक्स कार्डाचं टोक आणि पंखा यांत बोटभर अंतर राहायला हवं.

कापणी

मध्यावर आणि चारही स्क्रूखुणांवर पंचने हलका ठोका मारा, म्हणजे बिट घसरत नाही. स्क्रूची भोकं आधी ३ मिमीने, मग साडेचारने. वर्तुळाच्या आतल्या बाजूला, रेषेला चिकटून, १० मिमीचं एक भोक पाडा. जिगसॉचं ब्लेड त्यातून आत जाईल.

कॅबिनेट आडवं पाडा. पत्र्याखाली लाकडी ठोकळा किंवा जाड प्लायचा तुकडा क्लॅम्पने आवळा, आणि प्लायमध्ये आधीच मोठं भोक पाडून ठेवा, म्हणजे ब्लेड त्यात फिरेल. पातळ पत्रा आधाराशिवाय थरथरतो, दात अडकतात आणि कड दुमडते. ब्लेड धातूचं, बारीक दातांचं घ्या. पातळ पत्र्याचा नियम असा की एका वेळी निदान दोन-तीन दात तरी पत्र्यात असावेत. पण अर्धा-पाऊण मिमीच्या पत्र्यात ते कुठल्याच ब्लेडने साधत नाही, म्हणून मिळेल ते सर्वांत बारीक ब्लेड, कमी वेग आणि घट्ट आधार. दोन थेंब शिलाई मशीनचं तेल टाका. रेषेच्या एक मिमी आतून चालत जा, ती एक मिमी कानशीसाठी. शेवटचा पाव भाग राहिला की कापलेली चकती टेपने धरून ठेवा, नाहीतर ती लोंबकळून पत्रा मुरडते.

ड्रिल फिरत असताना हातमोजे घालू नका. मोजा बिटात गुंडाळला जातो आणि बोटही त्याच्याबरोबर जातं. गॉगल मात्र पूर्ण वेळ डोळ्यांवर. कापणी संपली, यंत्राचा प्लग निघाला, की मग मोजे चढवा, कारण आता कड सुरीसारखी असते.

कानस अर्धगोल घ्या आणि एकाच दिशेने, पुढे ढकलताना दाब देत चालवा. आधी रेषेपर्यंत आणा, मग कडेला दोन्ही बाजूंनी हलका उतार द्या, शेवटी पॉलिश पेपर. कड तयार झाली का हे बोट फिरवून बघू नका. कापसाचा बोळा कडेवरून पूर्ण गोल फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकून राहतील, तिथे अजून बारीक काटा शिल्लक आहे. तिथे पुन्हा कानस, पुन्हा बोळा. सगळीकडून बोळा स्वच्छ निघाला म्हणजे पंख्याची वायर तिथून गेली तरी सोलली जाणार नाही.

उघडं पडलेलं स्टील गंजतं. कोकणात किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर तर एका पावसाळ्यात तांबूस होतं. प्रायमरचा एक हात, तो वाळला की काळ्या स्प्रेचे दोन पातळ हात. जाड हात मारला तर ओघळ येतात. टेप रंग अर्धवट ओला असतानाच ओढून काढा, कड स्वच्छ येते. पूर्ण वाळल्यावर रबर बीडिंग चढवा, तिचा सांधा खालच्या बाजूला ठेवा.

कीस काढायला लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळीकडून फिरवा. पिशवी उलटी केली की कीस पिशवीत आणि चुंबक स्वच्छ. कॅबिनेट ॲल्युमिनियमचं असेल तर चुंबकाचा उपयोग शून्य, तिथे व्हॅक्यूम क्लीनर. त्यानंतर रिकामा सांगाडा ओल्या फडक्याने पुसा, सुटे पत्रे तर सरळ साबणाच्या पाण्याने धुवा आणि उन्हात खडखडीत वाळवा. घड्यांत आणि कोपऱ्यांत कीस लपून बसतो, म्हणून सांगाडा उलटा करून चार थापा मारायला विसरू नका.

जाळी आणि धूळ

खिडक्यांना लावतात ती नायलॉनची मच्छरजाळी फिल्टर म्हणून चांगली चालते. एकच थर लावा. दोन थर लावले तर एवढं करून मोकळी केलेली वाट पुन्हा कोंडते. कापड, ओढणीचा तुकडा, फोम असलं काही नको. जाळी काढता-घालता यावी म्हणून तिच्या कडेला चुंबकी पट्टी लावा. फ्रिजच्या दाराच्या जुन्या रबरी गॅस्केटमध्ये अशी पट्टी असते. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे टाकून दिलेली गॅस्केट मिळून जातात. पट्टी स्टीलला सरळ चिकटते.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असू द्या. मग आतला दाब किंचित वाढतो आणि फटीफटींतून हवा बाहेर पडते, धूळ फक्त फिल्टरवर अडकते. उलट झालं तर यूएसबीच्या खिडकीपासून स्लॉटच्या फटीपर्यंत मिळेल तिथून धूळ आत ओढली जाते. आपल्याकडच्या रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या धुळीत हा फरक दोन महिन्यांत दिसतो. प्रत्यक्ष दाब कसा आहे ते अगरबत्तीने कळतं. सगळं जोडून झालं की पेटती अगरबत्ती फटींपासून दोन-तीन बोटं लांब धरून फिरवा. धूर फटीकडे ओढला गेला तर बाहेर जास्त जातंय, पुढचे पंखे वाढवा किंवा मागचा हळू करा. निखारा प्लास्टिकला टेकवू नका आणि राख आत पडू देऊ नका.

जोडणी

पंखा पत्र्याला लावताना मध्ये रबरी वॉशर घातलं तर खडखड कमी होते. पंख्याचे जाड स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडतात. ते कर्णावरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. एकच कोपरा करकचून आवळला तर चौकट पिळते आणि पाती घासतात.

मदरबोर्डवरच्या पंख्यांच्या पिना दोन तऱ्हेच्या. तीन पिनांमध्ये अर्थ, १२ व्होल्ट आणि वेगाची खूण असते, चौथी पिन असेल तर ती वेग ताब्यात ठेवणाऱ्या पीडब्ल्यूएम संकेताची. पिनांच्या अशा एका संचाची, म्हणजे हेडरची, मर्यादा सामान्यतः १ ॲम्पिअर. पंख्याच्या स्टिकरवर छापलेले ॲम्पिअर बेरीज करा: ०.२० चे तीन पंखे मिळून ०.६०, स्प्लिटरवर चालतील. दिवेवाले पंखे जास्त खातात, त्यांना एसएमपीएसच्या मोलेक्सवरून (चार वायरींचा जोड) थेट वीज द्या. मोलेक्समधली पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ ची, काळ्या दोन अर्थच्या. थेट जोडलेला पंखा कायम पूर्ण वेगाने फिरेल, हे लक्षात असू द्या.

मशीन सुरू झालं की बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगांमध्ये) हार्डवेअर मॉनिटर किंवा स्मार्ट फॅन नावाचं पान शोधा. कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा याचा कारखान्यातून आलेला आलेख थंड खोल्यांच्या हिशोबाने आखलेला असतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये नुसता ब्राउझर उघडा असतानाही प्रोसेसर पन्नाशीला टेकतो आणि पंखे उगीच ओरडायला लागतात. ५५ अंशांपर्यंत ४० टक्के, ७० ला ६५ टक्के आणि ८० च्या वर पूर्ण, इथून सुरुवात करून पाहा. वेग वाढवण्यात दोन-चार सेकंदांचा उशीर ठेवता येत असेल तर ठेवा, म्हणजे प्रत्येक क्लिकला पंख्यांची चढउतार ऐकू येणार नाही. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते पण पंख्याला लागणारी ताकद आठपट होते, आवाजही त्याच प्रमाणात डोक्यात जातो. म्हणून वाट मोकळी आणि पंखा संथ, हेच गणित परवडतं.

काच आणि ॲक्रिलिक

समोर टफन्ड काच असलेल्या कॅबिनेटांना ड्रिल लावू नका. ती काच एका भोकाने तडकत नाही, तिचा सगळा चुरा होतो. तिथे काच पत्र्यापासून लांब सरकवायची. काचेचे मूळ स्क्रू काढून त्याच आट्यांचे लांब स्क्रू आणि १० ते १५ मिमीचे स्पेसर घाला. काच ४०० मिमी उंच असेल तर दोन्ही बाजूंना १० मिमी जादा फट म्हणजे ८० चौरस सेंटिमीटर वाट. १२० मिमी पंख्याच्या पात्यांखालची जागाच साधारण ९० चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे एका पंख्यापुरती सोय एवढ्यात होते. दोन पंखे असतील तर १५ मिमी स्पेसर घ्या, आणि वरची-खालची फटही उघडी ठेवा. ॲक्रिलिक मात्र कापता येतं. संरक्षक कागद न काढता, अगदी कमी वेगात, थांबून थांबून. वेग वाढला की ते वितळून ब्लेडमागे पुन्हा चिकटतं.

पुन्हा मोजणी, आणि नंतरची देखभाल

पहिल्या दिवशीची वही काढा आणि तीच चाचणी, तेवढाच वेळ, त्याच भाराने करा. झाकण लावलेल्या मशीनचा आकडा जुन्या उघड्या मशीनच्या आकड्याला दोन-तीन अंशांत आला, की कॅबिनेटकडून मिळण्यासारखं सगळं मिळालं. तरीही प्रोसेसर तापत असेल तर पैसे कूलरवर घाला. ग्राफिक्स कार्ड तेवढं तापत असेल तर त्याच्या खालची जागा बघा. तिथे दुसरं कार्ड, वायरींचा गुंता किंवा एसएमपीएसचं झाकण आडवं आलेलं असतं.

फिल्टर महिन्यातून एकदा नळाखाली धुवा, रस्त्यालगतच्या घरात पंधरा दिवसांनी. ओला परत लावू नका. दोन जाळ्या कापून ठेवल्या की एक वाळत असताना दुसरी लावता येते. कॅबिनेट थेट फरशीवर असेल तर चार-सहा इंच वर उचला, केर काढताना उडणारी धूळ त्याच उंचीवर असते. आणि भिंतीपासून मागे निदान वीतभर जागा सोडा. टेबलाच्या बंद कप्प्यात मशीन कोंबलं असेल तर वर लिहिलेलं सगळं करण्याआधी त्या कप्प्याची मागची फळी काढा.